गप्प बसणं म्हणजे पास का? ('व्हँपायर: द इटर्नल स्ट्रगल'च्या टेबलावरचा एक वाद)

रातवा:
गेल्या शुक्रवारी आमच्या टेबलावर झालेला वाद डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे मांडतेय. मी बर्लिनला असते. आम्ही पाच जण आठवड्यातून एकदा 'व्हँपायर: द इटर्नल स्ट्रगल' हा पानांचा खेळ खेळतो.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पानांचाच खेळ काढणाऱ्या रिचर्ड गारफील्ड यांनी १९९४ साली हा खेळ 'जिहाड' नावाने आणला, पुढच्या वर्षी नाव बदललं. चार-पाच जण गोल बसतात. प्रत्येकाकडे सुरुवातीला ३० पूल, म्हणजे काउंटरांनी मोजायचा साठा, असतो, आणि आपले व्हँपायर मैदानात आणायचे तेही त्या पूलमधूनच. म्हणजे पैसाही तोच आणि जीवही तोच. डावीकडचा खेळाडू आपला प्रे (सावज), उजवीकडचा आपला प्रिडेटर (शिकारी). आपल्या प्रेचा पूल संपला की आपल्याला एक व्हिक्टरी पॉइंट आणि वर ६ पूल. पूल संपवायची मुख्य वाट म्हणजे ब्लीड: आपला व्हँपायर जाऊन प्रेचा पूल घटवतो. समोरच्याने आपल्या व्हँपायरने ते अडवलं तर तो ब्लॉक.

आता प्रसंग. मी 'गव्हर्न द अनअलाइन्ड' खेळून ब्लीड केलं. व्हँपायरचा मूळचा १ आणि पानाचे २, एकूण ३. माझ्या प्रेकडे ५ पूल उरला होता. खेळलेल्या पानाच्या जागी लगेच नवं पान ओढायचं असतं. मी ते ओढलं, उलटून बघितलं, तर 'कंडिशनिंग'. माझ्या व्हँपायरकडे त्या पानाला लागणारी डॉमिनेट ही शक्ती वरच्या पातळीची, त्यामुळे ब्लीडमध्ये आणखी ३ वाढणार होते. एवढ्यात प्रे म्हणाला, "नो ब्लॉक." मी पान बोटात धरून हिशेब करत होते. दोन सेकंद गेले असतील, नसतील. त्याने "थ्री" म्हणून तीन काउंटर बँकेकडे सरकवले. मी 'कंडिशनिंग' खाली ठेवलं. तो म्हणाला, तू काही बोलली नाहीस, ब्लीड झालं.

नियम असा आहे की ॲक्शन (ब्लीडसारखी व्हँपायरची चाल) करणाऱ्याला पान खेळायची पहिली संधी, मग ज्याच्यावर ॲक्शन आहे त्याला, मग बाकीच्यांना घड्याळाच्या दिशेने. कुणी काही खेळलं की संधी परत पहिल्याकडे. पण किती वेळ गप्प राहिलं की संधी सोडली असं धरायचं, हे कुठलंही नियमपुस्तक सेकंदांत सांगत नाही.

टेबलावरच्या सगळ्यात जुन्या खेळाडूने निर्णय दिला: काउंटर परत घ्या, तिला पान खेळू द्या. मी खेळले, ब्लीड ६. त्यावर माझ्या प्रेने 'डिफ्लेक्शन' टाकून ब्लीड त्याच्या डावीकडच्या मुलीवर वळवलं. तिचे सगळे व्हँपायर लॉक झालेले, म्हणजे वापरून आडवे केलेले, ब्लॉक करायला कुणीच नाही. तिच्याकडे बरोबर ६ पूल होता. ती बाहेर. आणि ती त्याची प्रे असल्यामुळे पॉइंट त्याला, ६ पूल त्याला. ब्लीड माझं होतं.

माझं नुकसान झालं तरी माझ्या मते डाव मागे नेणं बरोबरच होतं. गप्प बसणं म्हणजे पास नव्हे. ज्याची संधी आहे त्याने तोंडाने सोडेपर्यंत ती त्याचीच.

पानसुपारी:
साफ चूक. लहानपणापासून मेंढीकोट खेळतोय. पडलं पान उचलायचं नाही, हा पहिला धडा. तुम्हाला पहिली संधी होती, ती तुम्ही घेतली नाहीत. पुढच्याने तुमच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवून काउंटर सरकवले.

आणि डाव मागे नेताना काय झालं ते बघा. पहिल्या वेळी त्याने 'डिफ्लेक्शन' हातात असून खेळलं नव्हतं. तीन परवडतात असं त्याने ठरवलं होतं. काउंटर परत केल्यावर त्याला तोच निर्णय दुसऱ्यांदा घ्यायला मिळाला, आणि तोही तुमचं पान बघून. म्हणजे फायदा तुम्हाला नाही झाला, त्याला झाला. आणि त्याची किंमत मोजली ती कोपऱ्यातल्या मुलीने, जिने या सगळ्यात एक शब्दही काढला नव्हता. ज्याने घाई केली त्यालाच पॉइंट देणारा न्याय मला पटत नाही.

ठाणेकर:
मी हा खेळ एकदाच बघितलाय, पण ब्रिज पंचवीस वर्षं खेळतोय. तिथे हा प्रश्नच येत नाही. बोली लावायच्या डब्यात पासची हिरवी कार्डं असतात. पास करायचा तर ते कार्ड काढून टेबलावर ठेवावं लागतं. शेवटच्या बोलीनंतर लागोपाठ तीन पास पडले की बोली संपली. गप्प बसून कुणी पास करत नाही, आणि कुणी गप्प बसलं तर सगळे त्याच्याकडे बघत थांबतात. खेळाडू चांगले की वाईट यावर काही सोडलेलंच नाही. तुमच्या खेळातही पास हा उघडपणे करायची गोष्ट ठरवली तर भांडण मिटेल.

पानसुपारी:
ठाणेकर, ब्रिजमध्ये एका डावात बोली लावणं एकदाच होतं. इथे एका टर्नमध्ये पाच ॲक्शन असू शकतात. प्रत्येक ॲक्शनला ब्लॉक कोण करतंय, स्टेल्थ (निसटायची ताकद) कोण वाढवतंय, इंटरसेप्ट (पकडायची ताकद) कोण वाढवतंय, मग ॲक्शन करणाऱ्याची मॉडिफायर पानं, मग बाकीच्यांची रिॲक्शन पानं. दर ठिकाणी पाच जणांना विचारत बसलं तर दोन तासांत टेबल संपणार नाही. स्पर्धेत वेळ संपली की उरलेल्यांना अर्धा-अर्धा पॉइंट मिळतो. अर्ध्या पॉइंटांवर संपलेली टेबलं मी पाहिली आहेत. सगळे थकलेले असतात आणि कुणीच जिंकलेलं नसतं.

शमा:
मी पुण्यात हा खेळ नुकताच शिकले, कॉलेजातल्या मित्राकडून. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. मित्राकडे जुन्या 'जिहाड'ची पानं आहेत, मागची बाजू वेगळी, म्हणून अपारदर्शक स्लीव्हमध्ये घालून खेळतो. पानावर 'टॅप' छापलंय, आता त्याला 'लॉक' म्हणतात. तेवढं समजलं. पण परवा एका पानावरचा मजकूर मी वाचून दाखवला, तर मित्र म्हणाला की हे आता असं चालत नाही, नवा मजकूर वेगळा आहे. माझ्या हातातल्या पानावर जे छापलंय ते मी मानू नये? मग पान कशाला छापायचं? दुसऱ्या वेळी माझा व्हँपायर अनलॉक झाला म्हणून मी पुन्हा ब्लीड करायला गेले, तर कळलं की एका टर्नमध्ये एका व्हँपायरला एकदाच ब्लीड करता येतं, अनलॉक झाला तरी. हे त्या पानावर कुठेच नाही.

मला वाटतं खुलाशांवर खुलासे पुरे झाले. पान आणि नियमपुस्तक, एवढ्यावरच खेळ चालला पाहिजे. नाहीतर जो जुना तोच न्यायाधीश. तुमच्या टेबलावरही तेच झालं ना?

बिनतोड:
शमा, तुझा राग समजतो, पण खुलासे का साठले ते बघ. हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने काढला, २००० साली व्हाइट वुल्फ या दुसऱ्या कंपनीने नवे संच आणून पुन्हा उभा केला, २०१० साली तेही थांबले. मधली वर्षं खेळाडूंनीच स्वयंसेवक म्हणून तो जिवंत ठेवला, आणि २०१८ साली ब्लॅक चँट्री प्रॉडक्शन्सकडे छपाई आली. इतक्या हातांतून गेलेल्या हजारो पानांची भाषा एकसारखी राहणं शक्यच नव्हतं. व्हाइट वुल्फच्या काळात एल. स्कॉट जॉन्सन यूजनेटच्या (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचाच्या) गटात एकेका प्रश्नाला उत्तर द्यायचे आणि ते उत्तर जगभर अधिकृत मानलं जायचं. त्या उत्तरांमुळेच ब्राझीलचा खेळाडू आणि फिनलंडचा खेळाडू एका टेबलावर बसू शकतो. खुलासे काढून टाकलेस तर दर गावाचा वेगळा खेळ होईल. मेंढीकोटचं तेच झालंय. आमच्याकडे बंद हुकूम, मामाच्या गावी कट हुकूम, आणि सुट्टीत पहिला तास भांडणात.

आता रातवाच्या मुद्द्यावर. 'डिफ्लेक्शन' कधी खेळायचं तर ब्लॉक नाकारल्यानंतर. म्हणजे संधी कधी सुरू होते ते सांगितलंय, कधी संपते ते सांगितलेलं नाही. ती संपते सगळ्यांनी लागोपाठ सोडल्यावर. 'नो ब्लॉक' म्हटल्यावर पहिली संधी रातवाची. तिने सोडल्याशिवाय प्रेला काउंटर सरकवायचा अधिकारच नव्हता. पडलं पान उचलायचं नाही हे खरं, पण आपली पाळी नसताना टाकलेलं पान पडलेलं धरत नाहीत, मेंढीकोटमध्येसुद्धा.

पानसुपारी:
हे शेवटचं वाक्य मात्र बरोबर आहे. पाळी नसताना काउंटर सरकवले, मान्य. पण मग त्याच्या चुकीचा भार तिसरीने का वाहायचा? माझा मूळ प्रश्न तोच आहे आणि त्याला कुणी हात लावलेला नाही. डाव मागे न्यायचा तर त्याने घाईत जे उघड केलं त्याला तो बांधलेला राहायला हवा होता. 'मी काही खेळत नाही' असं त्याने काउंटरांनी सांगितलं होतं.

बिनतोड:
तसं नाही बांधता येत. रातवाने नवं पान खेळल्यावर त्याच्यासमोर नवीन परिस्थिती आली. तीनसाठी 'नाही' म्हणणारा सहासाठी 'नाही' म्हणाला असं धरता येत नाही. क्रम नीट पाळला गेला असता तरी हेच घडलं असतं: ती 'कंडिशनिंग' खेळणार, तो 'डिफ्लेक्शन' टाकणार, ती मुलगी बाहेर जाणार. डाव मागे नेल्याने तिचं काही गेलं नाही. जे नियमाप्रमाणे होणारच होतं ते झालं.

शमा:
म्हणजे रातवाने ते पान न खेळणंच शहाणपणाचं होतं?

बिनतोड:
हो. शेजारच्याकडे 'डिफ्लेक्शन' असू शकतं आणि पलीकडच्या मुलीकडे ६ आहेत, हे बघून तिने तीनवर थांबायला हवं होतं. वळवलं असतंच, तरी मुलगी तीनवर जिवंत राहिली असती आणि वाढवायची संधी फिरून रातवाकडेच आली असती. पण तो खेळातला निर्णय झाला, नियमाचा नव्हे.

रातवा:
बिनतोड, हे ऐकायला कडू आहे, पण खरं आहे. मी फक्त त्याचे ५ मोजले. तिचे ६ माझ्यासमोर तीन मनोऱ्यांत रचून ठेवलेले होते, दोन-दोन करून, आणि मी ते बघितलेच नाहीत.

पानसुपारी, तिसरीबद्दल तुम्ही जे म्हणालात त्यावर मी विचार केला. काल तिला फोन केला. तिला डाव मागे नेल्याचा राग नव्हता. तिला राग होता की त्या पाच मिनिटांच्या वादात आम्ही तिघे बोलत होतो आणि तिला कुणी विचारलंही नाही, की यावर तुझं काय म्हणणं आहे. ब्लीड तिच्यावर येऊ शकतं हे टेबलावरच्या प्रत्येकाला दिसत होतं. तिचं म्हणणं, निर्णय असाच द्यायचा होता तरी तिचं ऐकून द्यायचा. हे मला पूर्ण मान्य आहे आणि मी तिची माफी मागितली.

शेजाऱ्याला, म्हणजे माझ्या प्रेलाही विचारलं. 'डिफ्लेक्शन' त्याच्या हातात आधीपासून होतं. पुढच्या मोठ्या ब्लीडसाठी राखून ठेवलेलं. तीन गेले तर जाऊ देत, दोनवर तग धरू, असा त्याचा हिशेब होता. त्याने घाई मुद्दाम केली नव्हती.

पानसुपारींच्या वेळेच्या मुद्द्यावर आम्ही एवढंच ठरवलंय: दर ठिकाणी पाच जणांना विचारायचं नाही. ब्लीड आणि मतदान, या दोनच जागी, ॲक्शन करणारा आकडा मोठ्याने सांगणार आणि "बास" म्हणणार. ते ऐकल्याशिवाय काउंटरला हात लावायचा नाही. शब्द मराठीच ठेवलाय. बाकीच्या चौघांनाही तो म्हणता येतो.

पानसुपारी:
मतदानात पुरणार नाही. तिथे मतं पाचही जणांची असतात, एकाने "बास" म्हणून काय होणार? ब्लीडपुरतं मात्र मी आमच्याकडे रविवारी करून बघतो.