सल्ला हवा: पोरीला ड्रॉइंग जमत नाही, "जीनमधेच नाही" म्हणतात

कपाशीवाली (दारव्हा तालुका)
पोरगी पॉलिटेक्निकला, सिव्हिल, पहिलं वर्ष. गणितात चांगली आहे, पण आयसोमेट्रिकचा (वस्तूच्या तीन बाजू एकाच तिरप्या चित्रात दाखवायच्या) कागद पाहिला की रडकुंडीला येते. परीक्षेत २० पैकी ६. तिचे मोठे काका म्हणतात, "पोरीईच्या डोक्यात वस्तू फिरतच नाही, जीनमधेच नाही. कॉम्प्युटरले टाका." ब्रँच बदलायचा फॉर्म शनिवारपर्यंत आहे. खरं असते का हे?

बरडावरची_तूर
ताई, थांबा. वस्तू मनातल्या मनात फिरवायच्या चाचणीत मुलग्यांची सरासरी वर येते, हे बऱ्याच देशांत दिसलं. ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात अशा वेगवेगळ्या चाचण्या मिळून मोजलेल्या क्षमतेतला ६९ टक्के फरक आनुवंशिक निघाला. काका इथवर बरोबर. पण ६९ हा माणसामाणसांतल्या फरकाचा आकडा, मुलगे आणि मुली यांच्यातल्या फरकाचा नाही.

गावरान तुरीचं मूठभर बी घ्या (हायब्रिडचं पाकीट नको, त्यात सगळं एकसारखं). अर्धं काळ्या वावरात पेरा, अर्धं बरडावर. एकाच वावरात झाडं लहानमोठी झाली, तर तो फरक बियाचा. पण इकडची तूर छातीएवढी आन् तिकडची गुडघ्याएवढी, तो जमिनीचा. तसाच मुलगे-मुलींतला फरक वाढवण्याचा, सरावाचाही असू शकतो. लेवॉन्टिन या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञानं १९७० मध्ये हेच सांगितलं, फक्त मक्यावरून.

जुना_मास्तर
एकेकाळी हे रंगांधळेपणासारखं एक्स गुणसूत्रावरून उतरतं असंही मानत. पुढे घराण्यांचे मोठे अभ्यास झाले, हिशोब जुळेना.

मेघालयाकडचा २०११ चा अभ्यासही पाहा. खासी जमातीत वारसा धाकट्या मुलीकडे, शेजारच्या कार्बी जमातीत पुरुषांकडे. दोघांना चार तुकड्यांचं कोडं दिलं. कार्बी पुरुष बायकांपेक्षा बरेच जलद निघाले, खासींत फरक जवळपास नाहीच.

नांगरफाळ
मास्तर, एका कोड्यावरून जीनचा काहीच हात नाही असं ठरत नाही. हा फरक हार्मोनमुळे पडतो म्हणणाऱ्यांचाही मुद्दा आहे. वाद सुरूच आहे.

जुना_मास्तर
मान्य. पण त्यासाठी पोरीनं ब्रँच कावून बदलायची? सरावानं हे सुधारते, यावर तर २१७ अभ्यास एकत्र तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष आला. अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून अशाच कच्च्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा कोर्स चालवला.

घरी करायचं तर कपडे धुवायच्या साबणाची वडी घ्या. चाकूनं खाच पाडा, समोर ठेवा, समोरून-वरून-बाजूनं चित्र काढायला लावा. मग वडी झाकून आयसोमेट्रिक. मोबाइलवर फिरवणारं चित्र नंतर, आधी हात. आपल्याकडे टॉप व्ह्यू (वरून दिसणारं चित्र) समोरच्या चित्राच्या खाली येतो (या पद्धतीला फर्स्ट अँगल म्हणतात), निम्मी पोरं तिथंच फसतात, पोरंही. रोज अर्धा तास पुरे.

कपाशीवाली
फॉर्म भरला नाही. वडी आणली, पण कापताना कोपरे तुटून राहिले. कोणती घेऊ?

बरडावरची_तूर
जुनी वडी ठिसूळ होते. ताजी आणा, नाही तर बटाटा. बटाटा त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी सुकून वाकडा होते.