प्रतिसाद: अंगावर पाणी पडलं तर बरंच?

वणवा विझवायला हेलिकॉप्टर आलं तर खालच्या माणसांनी तिथंच थांबावं, अंगावर पाणी पडलं तर बरंच, हा वरचा मुद्दा मला नाही पटला. मार्च २०२३ मध्ये गोव्याच्या जंगलात आगी लागल्या तेव्हा हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं दोराला लोंबणारी बादली घेऊन आली होती. एमआय-१७च्या अशा बादलीत साडेतीन हजार लिटरपर्यंत पाणी मावतं, म्हणजे साडेतीन टन. ते वरून कोसळलं की वाळक्या फांद्या मोडतात, उतारावरचे दगड सुटतात. त्यामुळे पाणी पडायच्या रेषेतून आधीच बाजूला व्हायचं. सापडलोच तर मोठ्या झाडाखाली न जाता पालथं पडायचं, डोकं हेलिकॉप्टर येतंय त्या दिशेला, आणि हातातला कोयता लांब ठेवायचा.

दुसरं म्हणजे वारा. निवडणुकीत आमच्या शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं होतं, तेव्हा शेजारच्या मांगराचे दोन पत्रे उडाले, आणि जांभ्याची लाल धूळ अशी उठली की पाच मिनिटं कुणाला कुणी दिसेना. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, गवत पेटलेलं असताना तोच वारा आग भडकवतो. उतरलेल्या हेलिकॉप्टरकडे पायलट खुणावेल तेव्हाच, समोरून जायचं. शेपटीकडून कधीच नाही, कारण तिथला फिरता पंखा डोळ्यांना दिसतच नाही. चढावरूनही उतरत जाऊ नये, त्या बाजूला मोठी पाती डोक्याच्या उंचीवर येतात.

आणि रील काढायला ड्रोन उडवणाऱ्या पोरांना आधी आवरा. ड्रोन दिसला तर हेलिकॉप्टरला काम सोडून मागं फिरावं लागतं.