मदत हवी आहे: थ्रेडची संख्या स्वतः ठरवणारा प्रोग्राम एका आकड्यावर टिकतच नाही

सी++ आणि ओपनएमपीत (काम अनेक थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या शाखांवर, वाटून देणारी सोय) उष्णतेच्या प्रसाराचा प्रोग्राम लिहिला आहे. मोठी जाळी, प्रत्येक बिंदूला शेजारच्या चार बिंदूंची सरासरी, अशा हजारो फेऱ्या. मशीनमध्ये दोन प्रोसेसर, प्रत्येकी 8 कोअर. 6 थ्रेडपर्यंत वेग छान वाढतो, 10 च्या पुढे उलट घसरतो. आकडा कोडमध्ये कायमचा लिहायचा नाही, कारण हाच प्रोग्राम वेगवेगळ्या मशीनवर चालतो.

म्हणून फेरीचा वेळ मोजायचा, पुढच्या फेरीला एक थ्रेड वाढवायचा, वेळ वाढला तर कमी करायचा, असं केलं. तर तो 5, 6, 7, 6, 5, 4 असे झोके घेत बसतो. सरळ 6 ठेवले तर काम लवकर संपतं! शेड्यूल स्टॅटिक आहे, म्हणजे जाळीच्या ओळी थ्रेडमध्ये आधीच सारख्या वाटलेल्या. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १:
तुमच्या कामात आकडेमोड थोडी, मेमरीची ने-आण जास्त. बँडविड्थ (मेमरीतून डेटा ने-आण करण्याची क्षमता) भरली की नवे थ्रेड नुसते रांगेत उभे राहतात.

झोक्यांचं कारण मात्र वेगळं वाटतं. स्टॅटिकमध्ये थ्रेड बदलले की ओळींची वाटणीही बदलते, त्यामुळे कॅशमध्ये (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) जे काही उरलं असेल तेही चुकीच्या कोअरकडे. बदलानंतरची पहिली फेरी हळूच होणार, आणि तुम्ही निकाल लावता तो नेमका तिच्यावर. बदलानंतरच्या दोन-तीन फेऱ्या सोडून द्या, पुढच्या दहांचा मध्यक घ्या, आणि निदान 5 टक्के फायदा दिसल्याशिवाय आकडा हलवू नका. थ्रेड कोअरला बांधलेत का? आणि जाळी सुरुवातीला कोण भरतं? लिनक्समध्ये पानाला (मेमरीचा ठराविक आकाराचा तुकडा) पहिला हात ज्या थ्रेडचा, साधारणपणे त्याच्याच प्रोसेसरच्या मेमरीत ते पान बसतं.

प्रतिसाद २:
थ्रेडवार बेरजा एकाच अ‍ॅरेत शेजारी-शेजारी ठेवल्या असतील तर तेही तपासा. 64 बाइटच्या एका कॅश लाइनमध्ये (कॅश एका वेळी हलवते तो तुकडा) आठ डबल (8 बाइटच्या दशांश संख्या) मावतात, मग ती लाइन सगळे एकमेकांकडून ओढत बसतात. मी यात दोन दिवस घालवलेत.

धागाकर्ता:
बेरजा रिडक्शननेच होतात (प्रत्येक थ्रेडची वेगळी बेरीज ठेवून ओपनएमपी शेवटी जोडते), तिथे गडबड नाही. पण जाळी शून्याने भरणारं लूप एकाच थ्रेडवर होतं! म्हणजे सगळी पानं एका बाजूला, आणि दुसरा प्रोसेसर कायम उसनवारीवर. तेही समांतर केलं, थ्रेड बांधले, मध्यक लावला. आता 12 वर जाऊन थांबतो.

एक अडलंय. मध्येच दुसऱ्या कोणाचं काम सुरू झालं की मध्यकामुळे ते फार उशिरा कळतं. खिडकी, म्हणजे मध्यकासाठी घ्यायच्या फेऱ्यांची संख्या, लहान केली की झोके परत. यावर कोणी काय करतं?