पवित्र जागा आणि लौकिक जागा : कोणते चित्रपट दाखवावेत?

धरमपेठकर
नमस्कार. आमच्या वसाहतीच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही वीस-पंचवीस जण एक चित्रपट पाहतो आणि त्यावर बोलतो. पुढील तीन महिन्यांसाठी वरील विषय ठरला आहे. पौराणिक चित्रपट नकोत. आत कोण जाऊ शकतो आणि बाहेर कोण थांबतो यावर ज्यांची कथा वळते, असे हवेत. हा विषय मला दीक्षाभूमीवर सुचला. दसऱ्याला तिथे आलेला माणूस स्तूपापुढे हात जोडतो आणि परतताना पिशवीभर पुस्तके घेऊन जातो. अशा जागेला निव्वळ धार्मिक म्हणावे की नागरी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

बर्डीचा वाचक
‘देऊळ’ (२०११) घ्यावा. गाय शोधायला गेलेल्या केशाला झाडाखाली दत्ताचे दर्शन घडते आणि बघता बघता त्याच्या श्रद्धेची बाजारपेठ होते. गावात रुग्णालय व्हावे म्हणून झटणारे अण्णा मागे पडतात आणि मंदिर उभे राहते. एकाच गावात दोन जागांची अशी स्पर्धा क्वचितच दाखवली गेली असेल.

महालातला
‘देऊळ’ चांगला आहे, परंतु त्यानंतरची चर्चा हमखास राजकारणावर घसरते, हा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा ‘फँड्री’ (२०१३) पाहावा. डुक्कर पकडण्यासाठी जब्याचे कुटुंब धावत असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर मात्र थांबत नाही. पुढे तेच डुक्कर बांबूला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे आणि इतर समाजसुधारकांचे चित्र दिसते. ती भिंत लौकिक आहे खरी, पण तिच्यासमोरून तो भार वाहून नेणाऱ्यांचे चेहरे पाहिले की गाभाऱ्याबाहेर ताटकळलेली माणसेच आठवतात. ‘झुंड’ (२०२२) आपल्या शहरातला असल्याने तो दाखवण्याचा मोह होईल. तथापि तो जवळजवळ तीन तासांचा आहे, आणि चर्चेला कोणी थांबणार नाही.

जुना प्रेक्षक
‘संत तुकाराम’ (१९३६) संतपट आहे म्हणून वगळू नये. मूल आजारी पडल्यावर आवली हातात वहाण घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते आणि देवाला जाब विचारते. हा प्रसंग आजही अंगावर येतो, कारण ती देवळात भक्त म्हणून आलेलीच नसते. संसाराचा हिशेब मागायला आलेली घरधनीण असते, आणि तेवढ्यापुरते ते देऊळ तिच्या घराचीच एक खोली होऊन जाते. याच्या उलट प्रवास पाहायचा असेल, तर सत्यजित राय यांचा ‘देवी’ (१९६०) आहे : सासऱ्याला स्वप्न पडते, सुनेला कालीचा अवतार मानले जाते, आणि घराचे देऊळ झाल्यावर तिला राहायला घरच उरत नाही.

धरमपेठकर
सर्वांचे आभार. ‘संत तुकाराम’ आणि ‘देवी’ लागोपाठ ठेवतो, म्हणजे देवळाचे घर आणि घराचे देऊळ शेजारी-शेजारी पाहता येतील. तिसऱ्या महिन्यात ‘फँड्री’. ‘देऊळ’ बहुतेकांनी पाहिलेला आहे, म्हणून तूर्त बाजूला ठेवतो. ‘संत तुकाराम’चा रविवार ऐन मेमध्ये येत असल्याने आमच्या कूलरच्या घरघरीत जुन्या ध्वनिमुद्रणातले संवाद बुडतील, म्हणून त्या दिवशी सकाळी आठलाच सुरुवात करू.