ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या तेलात आता इनहिबिटर घालून उपयोग आहे का?

प्रश्न: वेर्ण्याच्या कारखान्यातला ३३ केव्हीचा जुना ट्रान्सफॉर्मर. सॅम्पल कोऱ्या चहासारखं, आम्लता वाढलेली. सप्लायर म्हणतो, डीबीपीसी (तेलाचं ऑक्सिडेशन रोखणारा इनहिबिटर) टाका, तेल नवं होईल. खरं का?

उत्तर १: नवं बिवं काही होत नाही हो! डीबीपीसी ऑक्सिडेशनची साखळी तोडतं आणि त्यातच संपतं. झालेलं आम्ल काढत नाही. आधी फुलर्स अर्थमधून (आम्ल शोषणाऱ्या मातीतून) तेल फिरवा, मग वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत घाला. नुसत्या व्हॅक्यूम फिल्टरनं पाणी जातं, आम्ल राहतं. पावसाळा संपला की आपल्याकडे लोक तेवढ्यावरच खूश.

उत्तर २: करोझिव्ह सल्फरही (तांब्याला खाणारं गंधक) बघा. डीबीडीएस (असं गंधक असलेलं संयुग) असेल तर वाइंडिंगच्या (आतल्या तांब्याच्या गुंडाळीच्या) कागदावर कॉपर सल्फाइड बसतं. तिथे पॅसिव्हेटर (तांब्यावर संरक्षक थर देणारं रसायन) लागतो, साधारण १०० पीपीएम.

प्रश्नकर्ता: बरं, आधी करोझिव्ह सल्फरची टेस्ट करून घेतो. सप्लायर थांबेल.