केळफूल कधी काढायचं? आणि भाजी तुरट का होते?

बदलापूरची_सून:
आम्ही तळमजल्यावर राहतो, मागे थोडी जागा आहे तिथे केळीचं पिल्लू लावलं होतं. मोरीचं पाणी तिकडेच सोडलंय त्यामुळे जाम फोफावलंय आणि आता घड आलाय, सहा फण्या मोजल्या, खाली जांभळं केळफूल लोंबतंय. ते आत्ता तोडलं तर घडाला काही होईल का? सासरे म्हणतात हात लावायचा नाही, शेजारचे काका म्हणतात तोड नाहीतर केळी पोसणार नाहीत. आणि दुसरं म्हणजे गेल्या वर्षी बाजारातून आणून भाजी केलेली, अख्खी दुपार गेली त्यात आणि झाली एवढी तुरट की नवऱ्याने एक घास खाल्ला आणि काही न बोलता लोणच्याची बरणी ओढली. काय चुकलं असेल?

रावेरचा_केळीवाला:
काका बरोबर सांगताय ताई. आमच्याकडे याला कमळ म्हणतात. केळ निसवली, म्हणजे फुलोरा बाहेर पडला, की कमळाचं एकेक पान उलगडतं आणि प्रत्येकाखाली एक फणी निघते, पण सगळ्या फण्या निघून झाल्या की पुढे नुसती फुलं येतात आणि गळून पडतात, ती नरफुलं, त्यांची केळी होत नाहीत. तुमच्याकडे खाली फुलांचा सडा पडायला लागला असेल तर शेवटच्या फणीखाली वीतभर दांडा ठेवून खुशाल कापा, झाडाचा जोर घडाला मिळतो. अजून फण्या सुटत असतील तर आठवडाभर थांबा, म्हणजे सासऱ्यांचंही ऐकल्यासारखं होईल 😄 घड भरायला पुढे तीन-चार महिने धरा, थंडीत जास्तच. आणि बांबूचा टेकू आजच लावा, उद्यावर टाकू नका. मी एकदा टाकलं होतं, रात्री वारं सुटलं आणि सकाळी भरला घड चिखलात.

पडवीतली_मावशी:
अगं बाजारातलं केळफूल चार दिवसांचं शिळं असतं, पण तुझं चुकलंय ते निवडण्यात असं मला वाटतंय. प्रत्येक फुलात एक ताठ काडी असते, टोकाला गोल डोकं असलेली, आणि बुडाशी एक पारदर्शक पापुद्रा. दोन्ही काढलेस का? ती काडी कितीही शिजव शिजत नाही, दाताखाली येते. आत आत गेलीस की फुलं कोवळी बारीक होतात, तिथे निवडायची गरज नाही, पांढरा गाभा सरळ चिरून घ्यायचा. बसायच्या आधी हाताला, विळीला खोबरेल लाव आणि जुनं गाऊन घाल, चिकाचा डाग जन्मात जात नाही. चिरलेलं लगेच ताक घातलेल्या पाण्यात टाकायचं नाहीतर काळं पडतं, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी घट्ट पिळून ते पाणी फेकून द्यायचं. तुरटपणा तिथेच जातो. आम्ही सावंतवाडीकडचे केळबोंड म्हणतो, त्यात भिजवून शिजवलेले काळे वाटाणे, मोहरी-हिंगाची फोडणी, सुकी मिरची, गुळाचा खडा आणि वरून ओलं खोबरं सढळ हाताने. कांदा नको.

ठाण्याचा_खवय्या:
मावशी कांद्याचं नाही पटलं, आमच्याकडे कांदा आणि गोडा मसाला दोन्ही पडतं आणि मस्त लागतं. बाकी मी आळशी माणूस, रात्रभर भिजवायचा पेशन्स नाही, मीठ-हळद घालून कुकरला एक शिट्टी काढतो आणि पाणी ओततो. चव थोडी उतरते हे खरंय.

पडवीतली_मावशी:
थोडी नाही, सगळीच उतरते. कर बापडा.

बदलापूरची_सून:
अय्या काडी!! मी एकही काढली नव्हती, सगळं सरसकट चिरलेलं. आणि भिजवलं होतं ते पण साध्या पाण्यात, तासभर. आत्ता मागे जाऊन बघितलं, खाली फुलं पडलीयेत, म्हणजे कापायला हरकत नाही ना? आणि घड उतरवल्यावर त्या केळीचं काय करायचं, परत येतो का घड?

रावेरचा_केळीवाला:
कापा. आणि नाही, एका खोडाला एकदाच घड. उतरवला की खोड तोडायचं, बाजूचं एक जोमदार पिल ठेवायचं, बाकीची आत्ताच काढा, उगाच खत खातात.

पडवीतली_मावशी:
तोडलेलं खोड टाकू नकोस गं, वरचे पदर सोलून आतला गाभा निघतो त्याची पण भाजी होते. आधी ही जमू दे, मग सांगते.

बदलापूरची_सून:
काल केली. निवडायला दीड तास लागला, सासरे पण शेवटी काड्या काढायला बसले. तुरट अजिबात नाही, पण वाटाणे कच्चट राहिले 🙈