प्रतिसाद: विकर्सच्या तिपाईचा गंज

विकर्स या जुन्या ब्रिटिश मशीनगनची मार्क ४ तिपाई (बंदूक ठेवायचा तीन पायांचा स्टँड) गंजलीय, ती साफ कशी करू, असं तुम्ही विचारलंत. ती ॲसिडमध्ये बुडवा, असा सल्ला वर आलाय. कृपया नको! गंजासोबत चांगलं लोखंडही खाल्लं जाईल आणि ठोकलेले शिक्के, बनावटीचं साल, सगळं पुसट होईल. सँडब्लास्टिंगचंही तेच.

त्यापेक्षा इलेक्ट्रोलिसिस करा, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज काढा. प्लास्टिकचा टब, पाण्यात लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार तिपाईला, पॉझिटिव्ह भंगारातल्या लोखंडी पत्र्याला. स्टेनलेसचा तुकडा चुकूनही लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावरच. पितळी भाग आणि स्प्रिंगा आधी काढून ठेवा. स्प्रिंगा यात ठिसूळ होतात. नंतर उरतो तो काळा थर, तो ब्रशने जातो. मग लगेच सुकवून तेल चोळायचं, नाहीतर बघता बघता पुन्हा लाली चढते.

बंदुकीचं तोंड वर-खाली करणारा उंचीचा स्क्रू जाम आहे म्हणता, तिथे पान्याला पाइप लावून जोर काढू नका, आटे जातील. बाहेरचा भाग हीट गनने तापवा, निवला की डिझेल नि गिअर ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, पुन्हा तेच. केसभर हलला की पुढे-मागे करत राहायचं.

सांध्यांच्या आत जुना रंग शिल्लक आहे का? असेल तर घासण्याआधी फोटो टाका.